एका ओझ्याचे अनेक अर्थ

कांहीं वर्षांपूर्वीं एका जुन्या इंग्रजी हिशेबाच्या वहीची छापील प्रत चाळीत असतां मी एका ओळीशीं अडखळलों. मठाच्या छपरावरून उतरविलेल्या शिशाची ती नोंद होती, आणि शिशाच्या आंकड्यापुढें शब्द होता ‘फॉडर’. फॉडर म्हणजे चारा, गुरांची वैरण, एवढेंच मला ठाऊक. शिशाची वैरण खाणारीं गुरें इंग्लंडांत कोणत्या काळीं होतीं, हें कांहीं उमजेना. छापणाऱ्याची चूक असावी असें समजून मीं समासांत पेन्सिलीनें प्रश्नचिन्ह केलें आणि पान उलटलें. पुढल्या पानावर तोच शब्द ‘फॉदर’ असा लिहिलेला आढळला. तेव्हां चूक छापणाऱ्याची नसून वाचणाऱ्याची आहे, हें ध्यानांत आलें. त्या एका प्रश्नचिन्हाचा माग काढतां काढतां जें हातीं लागलें, तें आज आपणांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

प्रथम उच्चाराविषयीं एक खुलासा केला पाहिजे. हा शब्द ‘फादर’ नव्हे. बापाशीं किंवा पाद्र्याशीं त्याचें कांहींएक नातें नाहीं. फॉदर म्हणजे ओझें. अधिक नेमकें बोलावयाचें तर गाडीभर ओझें, एका गाडींत मावेल आणि तिच्या जनावरांना ओढवेल इतका माल. हजार-बाराशें वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत तो ‘फोदर’ असा उच्चारला जाई. जर्मन भाषेंतील ‘फूडर’ हा त्याचा सख्खा भाऊ. तोहि मुळांत गाडीभर मालाचाच वाचक. पुढें तो द्राक्षाच्या मद्याचें माप झाला, आणि मोसेल नदीच्या खोऱ्यांत सुमारें हजार लिटरच्या लांकडी पिंपाला आजहि फूडर असेंच म्हणतात.

या कुळाचें मूळ शोधीत भाषाशास्त्रज्ञ आणखी मागें गेले आहेत. त्यांच्या मतें ‘पसरणें’ या अर्थाच्या एका अतिप्राचीन धातूशीं हा शब्द निगडित आहे, आणि त्याच धातूपासून निघालेला दुसरा इंग्रजी शब्द आपल्या परिचयाचा आहे. तो म्हणजे ‘फॅदम’. समुद्राची खोली मोजण्याचें हें सहा फुटांचें माप. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ मिठी, पसरलेले दोन बाहू असा होता. मराठींत आपण याच मापाला ‘वांव’ म्हणतों, आणि वांव म्हणजेहि दोन्ही हात पसरले असतां एका बोटाच्या टोंकापासून दुसऱ्या बोटाच्या टोंकापर्यंतचें अंतर. म्हणजे फॉदर या शब्दाच्या मुळाशीं, फार दूर कां होईना, हात पसरणारा माणूस उभा आहे. मूठ, ओंजळ, वीत, हात, कव हीं मापें जशीं माणसाच्या देहांतून निघालीं, तसेंच हेंहि. देहाला पेलवेनासें झालें तेव्हां तें ओझें गाडीवर चढलें, एवढेंच.

आतां हें ओझें कागदावर केव्हां उतरलें तें पाहूं. इंग्लंडांतील पीटरबरो येथील मठांत लिहिल्या गेलेल्या प्राचीन बखरींत ८५२ सालाखालीं एका कराराची नोंद आहे. त्या वेळीं या मठाचें नांव मीडेसहॅमस्टेड असें होतें. तेथील मठाधिपति चेओलरेड यानें वुल्फ्रेड नांवाच्या गृहस्थाला सेंप्रिंगहॅम येथील जमीन दिली, आणि वुल्फ्रेडनें त्याबद्दल दरसाल काय द्यावयाचें तें ठरविलें. त्या यादींत साठ फॉदर लांकूड आहे, सहा फॉदर काटक्यांच्या मोळ्या आहेत. शिवाय यवाच्या मद्याचीं दोन भरलेलीं पिंपें, कापलेलीं दोन गुरें आणि सहाशें भाकऱ्या आहेत. ही यादी वाचतांना एक गोष्ट चटकन् डोळ्यांत भरते. भाकऱ्या मोजलेल्या आहेत, गुरें मोजलेलीं आहेत. लांकूड मात्र ना मोजलें आहे, ना तोललें आहे. साठ गाड्या मठाच्या दारांत येऊन लागल्या म्हणजे देणें फिटलें. गाडी केवढी, बैल कसे, लांकूड ओलें कीं वाळलेलें, हे प्रश्न करारांत नाहींत. देणारा आणि घेणारा एकाच मुलखांतले, एकाच रस्त्यावरचे. गाडी म्हणजे केवढी गाडी, हें दोघांनाहि ठाऊक. जोंवर दोघांची गाडी एक आहे, तोंवर शब्दाला आंकड्याची गरज लागत नाहीं.

त्यानंतर पांच-साडेपांच शतकांनीं झालेल्या चॉसर कवीच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्यें हाच शब्द दोन अगदीं परस्परविरोधी ठिकाणीं येतो. प्रस्तावनेंत एक गरीब, सालस नांगऱ्या आहे. त्यानें आयुष्यांत पुष्कळ फॉदर शेणखत वाहिलें आहे, असें कवि सांगतो. पुढें सरदाराच्या कथेंत थीसियस राजा युद्धदेवतेचें मंदिर उभारतो, आणि त्याला फॉदरभर सोनें लागलें असें वर्णन येतें. एकीकडे खत, दुसरीकडे सोनें, माप एकच. येथें नक्की वजन कोणालाच अभिप्रेत नाहीं. आपल्याकडे एखादी आजी ‘घरांत खंडीभर पोरें आहेत’ असें म्हणते, तेव्हां ती पोरांना तागडींत घालीत नाहीं. तशांतलाच हा प्रकार. माप सर्वांच्या तोंडीं रुळलें, म्हणजे तें मापाचें काम सोडून ‘पुष्कळ’ या अर्थानें हिंडूं लागतें.

परंतु बाजारांत ‘पुष्कळ’ या शब्दावर व्यवहार होत नाहीं. फॉदरला आंकड्यानें बांधावें लागलें तें शिशाच्या व्यापारांत. मध्ययुगीन इंग्लंडांत शिसें ही मोठी दौलत होती. चर्चचीं व मठांचीं छपरें शिशाच्या पत्र्यांनीं मढवीत, पाण्याचे नळ शिशाचे करीत, आणि खिडक्यांतील रंगीत कांचांचे तुकडे शिशाच्याच पट्ट्यांनीं सांधीत. आपल्या घरीं नळ दुरुस्त करावयाला येणाऱ्या कारागिराला आपण प्लंबर म्हणतों. तो शब्द शिशाच्या लॅटिन नांवावरून आला आहे, तो याचमुळें. डर्बीशरच्या पीक भागांतून, यॉर्कशर व डरॅमच्या डोंगरांतून हें शिसें निघे आणि गाड्यांनीं, होड्यांनीं, जहाजांनीं दूर जाई. गाडीनें जाणारा माल म्हणून त्याचें माप गाडी, हें ओघानेंच आलें.

सुमारें १३०० सालच्या मानल्या जाणाऱ्या वजनामापांच्या एका इंग्रजी विधानांत शिशाच्या गाडीचें गणित दिलें आहे. बारा पौंडांचा एक स्टोन. सहा स्टोनांतून दोन पौंड वजा केले म्हणजे एक फॉटमल. आणि असे तीस फॉटमल म्हणजे शिशाची एक गाडी. हिशेब करून पाहा. सहा बारे बहात्तर, त्यांतून दोन गेले सत्तर. सत्तर गुणिलें तीस, म्हणजे २१०० पौंड. पुढें स्टोनचें वजन बदललें, पौंडाचें वजन बदललें, आणि त्यांच्याबरोबर गाडीहि बदलली. तीहि सगळीकडे सारखी बदलली नाहीं, आणि खरी गंमत येथेंच सुरू होते.

पुढच्या शतकांत लंडनच्या शिसेकामगारांचा फॉदर साडेएकोणीस हंड्रेडवेटांचा ठरला. येथें हंड्रेडवेटविषयींहि सांगितलें पाहिजे. नांवाप्रमाणें तें शंभराचें वजन, परंतु भरतें ११२ पौंड. शंभर म्हणून एकशेंबारा मोजणाऱ्या लोकांच्या राज्यांत फॉदरनें सरळ वागावें, अशी अपेक्षाच चुकीची! तर लंडनचा फॉदर २१८४ पौंडांचा, म्हणजे पुरत्या टनाहूनहि किंचित् उणा. न्यूकॅसल येथें तो २१ हंड्रेडवेटांचा, स्टॉकटन येथें २२ हंड्रेडवेटांचा आणि डर्बीकडे साडेबावीस हंड्रेडवेटांचा, म्हणजे २५२० पौंडांचा. अठराव्या शतकांतील इंग्रजी ज्ञानकोश हा शब्द समजावून देतांना एका दमांत तीन वजनें सांगतात: जकातीच्या दरपत्रकांत दोन हजार पौंड, खाणीवर साडेबावीस हंड्रेडवेट आणि लंडनच्या शिसेकामगारांत साडेएकोणीस. यांत चुकीचें कोणतेंच नाहीं. शब्द एक, आणि तिन्ही वजनें खरीं.

या फरकाचा अर्थ काय होतो, तें एका साध्या उदाहरणानें पाहूं. एखाद्यानें खाणीवर दहा फॉदर शिसें घेतलें असें समजा. साडेबावीसच्या दरानें तें २२५ हंड्रेडवेट झालें. तोच माल लंडनच्या तोलानें मोजला, तर अकरा फॉदर पुरे होऊन वर साडेदहा हंड्रेडवेट उरतात. वाटेंत शिसें वाढलें नाहीं. वाढला तो केवळ फॉदरांचा आंकडा. जाणते व्यापारी भाव ठरवितांना हा फरक धरीत असणार, यांत शंका नाहीं. परंतु ज्याला दोन्ही तोल ठाऊक नाहींत, त्याला या शब्दानें सहज नागवतां यावें. फसविणारा खोटें बोलत नाहीं, तराजूला झुकतें माप देत नाहीं, वजनांत पारा भरीत नाहीं. तो फक्त ‘कोणाचा फॉदर’ हा प्रश्न निघूं देत नाहीं.

आपल्या वाडवडिलांना हा अनुभव नवा नव्हता. मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि वीस मणांची खंडी ५६० पौंडांची. सुरतेचा मण ३७ पौंडांहून थोडा अधिक. आणि बंगालचा सरकारी मण ८२ पौंडांच्या वर. एका मणाच्या नांवाखालीं सुरतेहून बंगालपर्यंत वजन दुपटीहून अधिक वाढत असे. १९५६ च्या कायद्यानें दशमान पद्धति आली आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम अमलांत येऊं लागला, तेव्हां पुष्कळ जुन्या माणसांना हळहळ वाटली. पण परगांवच्या बाजारांत ‘कोणता मण?’ असें विचारण्याची ज्यांना वेळ आली होती, त्यांना खचितच हायसें वाटलें असेल.

शिशाच्या फॉदराशीं निगडित अशी एक हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. १५३६ पासून १५४० पर्यंतच्या काळांत आठव्या हेन्री राजानें इंग्लंडांतील मठ बंद केले आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. राजाचे अधिकारी प्रत्येक मठांत जाऊन जी यादी करीत, तींत छपरावर किती फॉदर शिसें आहे, हा रकाना महत्त्वाचा असे. प्रार्थना करणाऱ्या साधूंच्या डोक्यावरचें छत हिशेबनिसाच्या दृष्टीनें इतक्या गाड्यांचा माल होतें. पत्रे उतरवीत, जागच्या जागीं वितळवीत आणि लगडी ओतीत. रोश येथील मठाच्या मोडतोडीचें जें वर्णन उपलब्ध आहे, त्यांत साधूंचीं बसण्याचीं लांकडी आसनेंच जाळून त्यांच्या आंचेवर शिसें वितळविल्याचें लिहिलें आहे.

यॉर्कशरमधील रीव्हो येथील मठ १५३८ मध्यें बंद झाला. त्याचें शिसेंहि असेंच वितळविण्यांत आलें. परंतु तेथें पश्चिमेकडील भिंत कोसळली आणि सुमारें अर्ध्या अर्ध्या टनाच्या चार लगडी ढिगाऱ्याखालीं गाडल्या गेल्या. अंदाजें दोन फॉदरांचा तो ऐवज राजाच्या खजिन्यांत कधीं पोहोंचलाच नाहीं. पावणेचारशें वर्षांनंतर, १९२० च्या दशकांत ढिगारे उपसण्याचें काम चाललें असतां त्या लगडी जशाच्या तशा सांपडल्या. त्यांवर हेन्री राजाची मुद्रा स्पष्ट होती. त्याच सुमारास यॉर्कच्या प्रसिद्ध मिन्स्टरमधील ‘फाइव्ह सिस्टर्स’ ही तेराव्या शतकांतील भव्य खिडकी पुन्हां सांधण्याचें काम चालू होतें. पहिल्या महायुद्धांत मरण पावलेल्या स्त्रियांच्या स्मरणार्थ तें हातीं घेतलें होतें आणि १९२५ मध्यें तें पुरें झालें. रीव्होचें तें शिसें या खिडकीच्या कामीं लागलें. एका देवालयाच्या छपराचें ओझें चार शतकें मातींत पडून राहिलें आणि दुसऱ्या देवालयाच्या कांचा धरण्यासाठीं वर आलें.

शिशाकडून आतां कोळशाकडे वळूं. टाइन नदीवरील न्यूकॅसल शहर कोळशासाठीं प्रसिद्ध. तेथें कोळसा ‘चाल्ड्रन’ या मोठ्या मापानें मोजीत. न्यूकॅसलचा चाल्ड्रन ५३ हंड्रेडवेटांचा, आणि त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे कोळशाचा एक फॉदर: १७ हंड्रेडवेट आणि वर दोन तृतीयांश. एका घोड्याच्या गाडीचें तें चांगलें भरभक्कम ओझें समजलें जाई. मघां सांगितलेलें आठवा. न्यूकॅसलमध्येंच शिशाचा फॉदर २१ हंड्रेडवेटांचा होता. म्हणजे एकाच शहरांत शिशाचा फॉदर कोळशाच्या फॉदराहून सुमारें पावणेचारशें पौंडांनीं जड!

असें कां व्हावें? कारण गाडी दोन तऱ्हांनीं भरते. एकदां जागेनें आणि एकदां वजनानें. कोळसा भुसभुशीत, फुगीर. गाडी कांठोकांठ भरली तरी जनावराच्या शक्तीची परीक्षा होत नाहीं. शिशाचें उलटें. लंडनच्या एका फॉदराचें सगळें शिसें ओतून घनाकृति ठोकळा केला, तर त्याची बाजू दीड फुटांहूनहि किंचित् कमी भरेल. एवढासा ठोकळा गाडीच्या तळाच्या एका कोंपऱ्यांत मावेल आणि गाडी रिकामी दिसेल. पण घोडा मात्र हलणार नाहीं. पाहणाऱ्याला ओझें दिसतें तें आकारानें. ओढणाऱ्याला कळतें तें वजनानें. ‘गाडीभर’ या एका शब्दांत या दोन्ही गोष्टी कोंबलेल्या होत्या, म्हणून वस्तूगणिक त्याचा अर्थ पालटत गेला.

कोळशाच्या या व्यापारांतूनच आपल्या शब्दाचा तिसरा आणि सर्वांत विलक्षण अवतार आपल्याला भेटतो. १७६४ मध्यें व्हिटबी बंदरांत कोळसा वाहण्यासाठीं एक जहाज बांधलें गेलें. त्याचें नांव ‘अर्ल ऑफ पेंब्रोक’. बूड रुंद, बांधा मजबूत, गति बेताची. १७६८ मध्यें इंग्रज आरमारानें तें विकत घेतलें, त्याचें नांव ‘एंडेव्हर’ ठेवलें आणि कॅप्टन जेम्स कुक याच्या स्वाधीन केलें. तेंच हें जगप्रसिद्ध जहाज. ११ जून १७७० च्या रात्रीं अकराच्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या पूर्वकिनाऱ्याजवळ तें प्रवाळाच्या खडकावर आदळलें आणि अडकून बसलें. किनारा दूर, होड्यांत सर्वांना जागा नाहीं, आणि तळाला पडलेल्या भोंकांतून पाणी आंत येत होतें.

कुकनें पहिला हुकूम सोडला तो ओझें कमी करण्याचा. तोफा, लोखंड, तळाशीं भरलेले धोंडे, पिंपें, तेलाचे बुधले, नासलेली सामग्री असा चाळीस-पन्नास टनांचा माल समुद्रांत फेकून देण्यांत आला. लंडनच्या फॉदराच्या भाषेंत बोलावयाचें तर हेंहि चाळीस-पन्नास फॉदरच. सुमारें तेवीस तासांनंतर, दुसऱ्या रात्रींच्या भरतीला जहाज खडकावरून सुटलें. परंतु खडकानेंच भोंक थोडेंफार दाबून धरलें होतें. आतां तेंहि राहिलें नाहीं. माणसें पाळीपाळीनें पंप मारून थकलीं होतीं.

तेव्हां जोनाथन मंकहाऊस नांवाचा मिडशिपमनच्या हुद्द्याचा एक तरुण पुढें आला. पूर्वीं व्हर्जिनियाहून लंडनला येणाऱ्या एका गळक्या व्यापारी जहाजावर त्यानें एक युक्ति पाहिली होती. कुकनें त्यालाच तें काम सोंपविलें. त्यानें एक जादा शीड पसरलें. जुने दोर उकलून काढलेला तंतु आणि लोकर एकत्र करून बारीक कापली, तिचे मूठमूठ गोळे शिडावर जागोजाग सैल अडकविले, आणि त्यावर मेंढ्यांची लीद व असलीच घाण पसरली. घोड्याची लीद मिळाली तर सर्वांत उत्तम, असें कुकनें आपल्या रोजनिशींत नमूद करून ठेवलें आहे! मग दोरांनीं तें शीड जहाजाच्या बुडाखालून ओढीत नेलें. भोंकापाशीं येतांच आंत घुसणाऱ्या पाण्यानें लोकर व तंतु आपल्याबरोबर ओढून घेतले आणि तेंच भोंक बऱ्याच अंशीं बुजलें. जें पाणी अनेक पंपांना आटोपत नव्हतें, त्याला एक पंप पुरेसा झाला. पुढें जहाज आजच्या कुकटाउन येथील नदींत आणून दुरुस्तीसाठीं किनाऱ्याला ओढलें, तेव्हां प्रवाळाचा एक मोठा तुकडा मोडून भोंकांतच अडकून राहिलेला आढळला. वांचण्याचें अर्धें श्रेय त्याचें. समुद्रांत टाकलेल्या सहा तोफा १९६९ मध्यें वर काढण्यांत आल्या.

शिडाच्या या युक्तीला इंग्रज खलाशी म्हणत ‘फॉदर करणें’. म्हणजे जो शब्द ओझ्याचा, तोच बुडत्या जहाजाला वांचविण्याचा! येथें कोणाला वाटेल कीं ओझ्यावरूनच हा अर्थ निघाला असेल, शीड मालानें भरावयाचें म्हणून. परंतु तसें नाहीं. खलाशांचा हा शब्द बहुधा डच किंवा उत्तर जर्मनींतील बोलींतून आलेला आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे अस्तर लावणें. कोटाला आंतून लावतात तें अस्तर. जर्मन भाषेंत ‘फुटर’ या एकाच ध्वनीचे दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ वैरण, दुसऱ्याचा अर्थ अस्तर. इंग्रजींतील ‘फर’, म्हणजे केसाळ कातडें, हा शब्दहि म्यान आणि अस्तर या अर्थाच्या त्याच घराण्यांतून फ्रेंच भाषेच्या वाटेनें आलेला आहे. मंकहाऊसनें बुडत्या जहाजाला बाहेरून लोकरीचें अस्तर लावलें, हाच त्या क्रियापदाचा खरा अर्थ.

तर मग मीं ज्याच्यापुढें प्रश्नचिन्ह केलें होतें, ती शिशाची ‘वैरण’ कोठून आली? याचें उत्तर इंग्रजी जिभेच्या एका जुन्या संवयींत आहे. ‘ड’ आणि मऊ ‘द’ हे दोन ध्वनि त्या भाषेंत, विशेषतः र-काराच्या शेजारीं, एकमेकांच्या जागा घेत आले आहेत. आजचे ‘मदर’ आणि ‘फादर’ हे शब्द जुन्या इंग्रजींत ड-कारानें उच्चारले जात. उलट आजचा ‘मर्डर’ पूर्वीं ‘मर्दर’ होता, आणि ओझ्याचाच दुसरा शब्द ‘बर्डन’ हा पूर्वीं ‘बर्दन’ असा लिहीत व बोलत. ‘फॉदर’ म्हणजे गाडीभर ओझें, आणि ‘फॉडर’ म्हणजे वैरण. दोहोंचें कूळ निराळें. वैरणीचा शब्द अन्नवाचक ‘फूड’च्या गोत्रांतला आहे. पण दोघे एकाच रस्त्यानें चालले आणि वाटेंत त्यांच्या टोप्या बदलल्या. लेखनिकानें शिशापुढें ‘फॉडर’ लिहिलें, आणि शेंकडों वर्षांनंतर एका मराठी वाचकाला शिसें खाणारीं गुरें दिसूं लागलीं.

या सर्व गोंधळाचा शेवट कायद्यानें झाला. ब्रिटिश पार्लमेंटनें १८२४ मध्यें साऱ्या देशासाठीं एकच राजमान्य मापें ठरविलीं आणि १८३५ च्या कायद्यानें गांवोगांवच्या रूढ मापांवर बंदी घातली. तरीहि उत्तरेकडच्या शिशाच्या व्यापारांत फॉदर आणखी कांहीं काळ चालूच राहिला. जुनें माप एका दिवसांत मरत नाहीं. पण ज्या दिवशीं टन सर्वत्र सारखा झाला, त्या दिवशीं गाडीची गरज संपली, आणि गाडीबरोबर शब्दहि कोशाच्या कोठारांत गेला. आपली खंडी बाजारांतून गेली, तरी ‘खंडीभर’ बोलण्यांत राहिली. फॉदरच्या नशिबीं तेंहि आलें नाहीं.

मग या मेलेल्या शब्दाचा आपल्याला उपयोग काय, असें कोणी विचारील. माझ्यापुरता तो एवढाच आहे कीं, जुने कागद वाचतांना मी आतां आंकड्यावर एकदम विश्वास ठेवीत नाहीं. आंकडा पक्का दिसतो. पण त्याच्या शेजारचा शब्द कोणाच्या तोंडचा आहे, खाणीवरच्या माणसाच्या कीं लंडनच्या, शिशाच्या गाडीचा कीं कोळशाच्या, हें कळल्यावांचून त्या आंकड्याला वजनच येत नाहीं. साठ फॉदर लांकूड देणारा वुल्फ्रेड, शेणखत वाहणारा चॉसरचा नांगऱ्या, छपराचें शिसें मोजणारा राजाचा कारकून आणि लिदींत हात घालणारा मंकहाऊस, हे सारे एकच ध्वनि उच्चारीत होते. प्रत्येकाच्या खांद्यावरचें ओझें मात्र निराळें होतें. त्या पुस्तकाच्या समासांतलें माझें तें प्रश्नचिन्ह मीं अजून खोडलेलें नाहीं. पूर्वीं तें छापणाऱ्यासाठीं होतें; आतां तें माझ्यासाठीं आहे.